डिलीट केलेली फाइल जाते कुठे

सर्व्हर सांभाळायचं सर्टिफिकेट मिळून तीनच आठवडे झाले होते. प्रोफाइलवर बॅज लावून झाला होता, ईमेलच्या सहीत नावाखाली ती अक्षरं झळकत होती, आणि ऑन-कॉलच्या रोस्टरवर (रात्री-बेरात्री सर्व्हर बिघडला तर फोन कोणाला जायचा ती यादी) पहिल्यांदाच माझं नाव एकटं लागलं होतं, म्हणजे सोबत सीनियर कोणी नाही. रात्री दोनच्या सुमाराला फोन वाजला. डिस्क शंभर टक्के.

आता डिस्क भरणं हा काही मोठा आजार नाही, सर्दी-पडशातला प्रकार आहे. लॉग (प्रोग्रॅम आपल्या कामाची नोंद लिहितात त्या फाइली) वाढतात, कोणाचा तरी जुना बॅकअप पडून राहतो, टेम्पमध्ये कचरा साठतो, जायचं, शोधायचं, साफ करायचं, तिकीट बंद करून झोपायचं. मी लॉगिन केलं, डीएफ मारलं (डिस्क किती भरलीय ते सांगणारी कमांड), बरोबर, शंभर टक्के. मग डीयू (फाइली किती जागा खातात ते मोजणारी कमांड) लावून एकेक डिरेक्टरी उलगडत गेले तर एक लॉग फाइल सापडली ६१ जीबीची. कोणीतरी डीबग लेव्हल (बारीकसारीक सगळं लॉगमध्ये लिहायचं सेटिंग) चालू केली होती आणि तशीच विसरून गेलं होतं. मी फाइल काढायची कमांड आरएम मारली, एंटर दाबलं, प्रॉम्प्ट गपचूप परत आला (युनिक्सची, म्हणजे लिनक्स ज्या घराण्यातलं त्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमची, ती सवयच आहे, काम झालं तर तोंडातून शब्द काढत नाही), आणि मी परत डीएफ मारलं.

शंभर टक्के.

मला वाटलं थोडा वेळ लागत असेल. हे आता लिहितानाही लाज वाटते, पण खरंच वाटलं, एवढी मोठी फाइल आहे, जरा दम धरावा. दोन मिनिटं थांबले. शंभर टक्के. डीयू म्हणतंय सगळ्या फाइली मिळून ३४ जीबी, डीएफ म्हणतंय १०० जीबीची डिस्क भरली. एकाच मशीनवर, एकाच मिनिटाला, दोन कमांड एकमेकींना खोटं पाडतायत आणि मी सर्टिफाइड बाई मधे बसलेय. रिसायकल बिनसारखं काही असतं का इथे, हेसुद्धा शोधून झालं. शेवटी नाइलाजाने टीममधल्या सीनियर सरांना फोन लावला. झोपेतनं उठलेला माणूस, पण चिडले नाहीत, फक्त एवढंच विचारलं, "ती फाइल कोणी उघडून ठेवलीय का बघितलंस?"

"सर, फाइल तर मी उडवली."

"नाव उडवलंस तू. फाइल कुठे उडवलीस?"

मग त्यांनी एलएसओएफ प्लस एल वन मारायला सांगितलं. ही कमांड म्हणजे, ज्या फाइलींना आता डिस्कवर एकही नाव उरलेलं नाही पण ज्या कुठल्या तरी प्रोसेसने (चालू असलेल्या प्रोग्रॅमने) अजून उघडून धरल्यात, त्यांची यादी. यादीत एकच ओळ होती. आमच्या अ‍ॅप्लिकेशनची प्रोसेस, त्या लॉगचा पूर्ण पाथ, आकार ६१ जीबी, आणि शेवटी कंसात 'डिलिटेड'. मी उडवलेली फाइल, जिवंत, आणि अ‍ॅप्लिकेशन तिच्यात अजूनही लिहू बघतंय. डिस्क भरली नसती तर मी स्क्रीनकडे बघत बसले होते तेवढ्या वेळात ती आणखी वाढली असती.

सर म्हणाले सर्व्हिस रिस्टार्ट कर. केली. डीएफ एकदम खाली आलं. तिकीट बंद केलं, झोपले. सकाळी जे झालं ते शेवटी सांगते.

तर मुद्दा असा की मला हे येत होतं. तेच तर दुखणं आहे. परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत अशी सही करून आलेय त्यामुळे ते सोडा, पण सरावाच्या प्रश्नसंचात हा प्रश्न होताच होता, की एका फाइलीला दोन हार्ड लिंक, म्हणजे दोन नावं, आहेत, एक काढली तर डेटाचं काय होईल, पर्याय अ, ब, क, ड. मी तो प्रत्येक वेळी बरोबर सोडवलाय. आयनोडमध्ये (फाइलीची मूळ नोंद) लिंक काउंट (नावांचा आकडा) असतो, तो शून्य झाला की ब्लॉक (डिस्कवरचे जागेचे तुकडे) मोकळे होतात, पाठ होतं. आणि त्याच वाक्याचा दुसरा अर्धा भाग, की लिंक काउंट शून्य झाला तरी कोणी फाइल उघडून धरली असेल तर ब्लॉक मोकळे होत नाहीत, तोही वाचला होता, पिवळ्या रंगाने अधोरेखित केला होता. पण रात्री दोन वाजता तो प्रश्न अ ब क ड घालून आला नाही. तो 'डिस्क फुल' हे भलतंच नाव लावून आला आणि मी ओळखलाच नाही.

डिलीट हा शब्दच मुळात फसवा आहे. युनिक्सच्या कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) फाइल डिलीट करा असं सांगायची सोय नाहीये. आरएम आतून जो सिस्टिम कॉल (कर्नलकडे मागणी) करतं त्याचं नाव आहे अनलिंक. अनलिंक! म्हणजे डिरेक्टरी नावाच्या वहीतली एक ओळ खोडायची, बास. वहीत काय असतं, तर नाव आणि एक नंबर. तो नंबर आयनोडचा, आणि खरी फाइल म्हणजे तो आयनोड, तिचा आकार, मालक, परवानग्या, डेटाचे ब्लॉक कुठे कुठे आहेत ते सगळं तिथे, नाव सोडून. फाइलीला स्वतःचं नाव माहीतच नसतं. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची या दोघांनी १९७४ मध्ये युनिक्सवर जो लेख छापला त्यात ही गोष्ट स्वच्छ लिहिलीय, की फाइल डिरेक्टरीत राहत नाही, तिथे नुसतं तिचं नाव आणि तिच्याकडे बोट दाखवणारा एक आकडा असतो. म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं झाली या गोष्टीला. डीयू नावं धरून फिरतं, ज्याला नाव नाही ते त्याला दिसणार कसं, आणि डीएफ थेट फाइलसिस्टिमला (डिस्कवर फाइली मांडणाऱ्या व्यवस्थेला) विचारतं की किती ब्लॉक वापरात आहेत. दोघंही खरं बोलत होते. ३४ आणि ६१ मिळून ९५ होतात मग उरलेले पाच कुठे, असं कोणी विचारेल म्हणून सांगते, ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइलसिस्टिम बनवताना साधारण ५ टक्के जागा रूटसाठी (सिस्टिमच्या मुख्य मालकासाठी) राखून ठेवली जाते, त्यामुळे बाकीच्यांसाठी डिस्क तिथेच संपते. हे मला त्या रात्री नाही, पुढे कितीतरी महिन्यांनी कळलं.

विंडोजवाल्यांना ही भानगड वेगळ्या रूपात भेटते. तिथे फाइल कोणी उघडून धरली असेल तर साधारणपणे डिलीटच करू देत नाही, फाइल वापरात आहे म्हणून पाटी येते आणि आपण वैतागतो. इकडे युनिक्स म्हणतं घे बाबा, खोड नाव, पण ज्याच्या हातात आहे त्याचं होईपर्यंत मी फाइल मोडणार नाही. दोन घरं, दोन रीती. चालू असलेल्या प्रोग्रॅमची फाइल लिनक्सवर तो प्रोग्रॅम बंद न करता बदलता येते ती याच रीतीमुळे आणि विंडोजवर अपडेटनंतर रिस्टार्ट का मागतं याचं बरंचसं उत्तरही इथेच आहे. दोन्हीकडे वर्षानुवर्षं काम करणारे लोक असतात आणि त्यांना हा फरक माहीत नसतो, मलाही नव्हता, आणि माझ्याकडे सर्टिफिकेट होतं.

आता सर्टिफिकेट कसं मिळवलं तेही सांगून टाकते, एकदा लिहायला बसलेच आहे तर. डंप वाचून. नाव नाही सांगत कुठलं ते. ज्यांना डंप म्हणजे काय माहीत नाही अशी माणसं या धंद्यात कमीच, पण म्हणजे परीक्षेतून बाहेर आलेल्या लोकांनी आठवून आठवून लिहिलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं. नियमात बसत नाही, पकडलं तर सर्टिफिकेट रद्द होतं. तरी चालतं. मी हेल्पडेस्कवर होते, पासवर्ड रीसेट आणि प्रिंटर, प्रिंटर आणि पासवर्ड रीसेट, आणि वरच्या टीममध्ये जागा निघाली त्याच्या जाहिरातीत ते सर्टिफिकेट 'आवश्यक' म्हणून लिहिलेलं. सव्वा महिना होता हातात. शेवटी शेवटी तर मी प्रश्नच वाचत नव्हते, पहिले चार शब्द दिसले की हात क वर. एका सरावात त्या सॉफ्टवेअरने पर्यायांचा क्रम उलटापालटा केला आणि माझे मार्क धाडकन निम्म्यावर आले. तेव्हा तरी समजायला हवं होतं. मी काय केलं, तर क्रम बदलायचं ते सेटिंग बंद केलं.

ही काही माझ्या पिढीची करामत नाही. पर्सनल कॉम्प्युटरचं नेटवर्क करायला नॉवेल कंपनीचं नेटवेअर चालायचं तेव्हा त्यांचं सीएनई हे सर्टिफिकेट असायला लागायचं, १९९२ ला मायक्रोसॉफ्टने स्वतःची सर्टिफिकेटं सुरू केली, १९९३ ला कॉम्पटियाचं ए प्लस आलं आणि त्याच वर्षी सिस्कोचं सीसीआयई, सीसीएनए १९९८ चं. आणि नव्वदचं दशक संपायच्या आत 'पेपर एमसीएसई' ही शिवीसुद्धा तयार झाली होती (एमसीएसई हे मायक्रोसॉफ्टचं इंजिनियरचं सर्टिफिकेट), म्हणजे कागदावर इंजिनियर, सर्व्हरसमोर बसवलं की दातखीळ. मी पेपर होते. फक्त तेव्हा ते पुस्तकं घोकायचे आणि मी पीडीएफ घोकली.

पण म्हणून सर्टिफिकेटं म्हणजे निव्वळ धूळफेक असं बोलणाऱ्या लोकांशीही माझं जमत नाही. असं बोलणारे बहुतेक वेळा आत पोचलेले असतात. बाहेर उभं असणाऱ्याला दारावर दाखवायला काहीतरी लागतं. एचआरकडे रेझ्युमेंचा ढीग असतो, ते आयनोड विचारत नाहीत, ते यादीतले शब्द शोधतात. शिवाय मोठ्या व्हेंडरांच्या (सॉफ्टवेअर-हार्डवेअर विकणाऱ्या कंपन्यांच्या) पार्टनर प्रोग्रॅममध्ये अमुक इतकी माणसं सर्टिफाइड हवीत अशी अट असते, तेव्हा कंपनी स्वतःच मागे लागते की परीक्षा द्या, आणि त्यात तुमच्या ज्ञानापेक्षा मोजणीत तुमचं डोकं धरलं जाणं महत्त्वाचं. मला त्या कागदाने वरच्या टीममध्ये नेलं हे खरंय. नेलं नसतं तर ती रात्र आली नसती आणि मी अजून प्रिंटरशी भांडत असते.

त्या रात्रीनंतर मी दुसरी परीक्षा द्यायचं ठरवलं, हातांनी द्यायची. लिनक्सवाल्या रेड हॅट कंपनीचं आरएचसीएसए. तिथे अ ब क ड नाहीच. मशीन देतात, कामांची यादी देतात, मी दिली तेव्हा तीन तास होते, एकूण गुण ३०० आणि पास व्हायला २१०. इंटरनेट नाही. मॅन पेज, म्हणजे मशीनवरचीच मदतीची पानं, आहेत, वाचा हवी तेवढी. आणि एक अट, जी त्यांच्या जाहीर माहितीतच लिहिलेली असते, की तुम्ही जे काही कराल ते मशीन रीबूट झाल्यावरही टिकलं पाहिजे.

वाचताना ही अट फार साधी वाटते. पण आपण रोज जे काम करतो त्यातलं अर्धं फक्त मेमरीत असतं, हे तोपर्यंत कोणी मला जाणवून दिलं नव्हतं. सर्व्हिस स्टार्ट केली, चालली, झालं, असं वाटतं. स्टार्ट म्हणजे आत्ता. इनेबल म्हणजे पुढच्या वेळीसुद्धा. डिस्क माउंट केली, म्हणजे सिस्टिमला जोडली, की आत्ता दिसते, एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या ती यादी) लिहिलं तर उद्या दिसेल. फायरवॉलचा नियम टाकला, चालला, पर्मनंट म्हटलं नाही, रीबूटनंतर गायब. चालू सिस्टिम आणि डिस्कवर लिहिलेली सिस्टिम या दोन वेगळ्या वस्तू आहेत, नुसत्या सारख्या दिसतात, आणि त्यांच्यात फरक पडत गेला तरी रीबूट होईपर्यंत कोणालाच पत्ता लागत नाही. दोन-दोन वर्षं बंद न झालेला सर्व्हर म्हणून काही लोक अपटाइम मिरवतात ना, मला आता तो आकडा बघून पोटात गोळा येतो, कारण तो पुन्हा उठेल की नाही हे खरं म्हणजे कोणालाच माहीत नसतं.

पहिल्या प्रयत्नात मी नापास झाले. कुठलं काम होतं ते सांगणार नाही, पण एफएसटॅबमध्ये यूयूआयडी (डिस्कचा लांबलचक ओळख नंबर) लिहिताना एक अक्षर गाळलं एवढं सांगते. कॉपी करायचं सोडून हाताने टाइप केलं, कारण घाई. आणि माउंट मायनस ए (त्या यादीतलं सगळं आत्ताच जोडून बघणारी कमांड) करून तपासलं नाही, कारण घाई. रीबूट. स्क्रीनवर ओळी धावल्या आणि एका ओळीवर अडकल्या, सिस्टिमडी (मशीन सुरू करून देणारा प्रोग्रॅम) त्या डिस्कची वाट बघतंय आणि शेजारी घड्याळ, एक सेकंद, दोन सेकंद, मर्यादा दीड मिनिट. दीड मिनिट किती लांब असतं हे मी तेव्हा पाहिलं. अस्तित्वातच नसलेल्या डिस्कची इतक्या निष्ठेने वाट बघणारं ते मशीन आणि त्याच्याकडे बघणारी मी. नंतर इमर्जन्सी मोड, रूटचा पासवर्ड द्या. दिला, एफएसटॅब उघडलं, चूक दिसायलाच वेळ गेला कारण ३६ अक्षरांत एक कमी आहे हे डोळ्यांना समजत नाही. दुरुस्त केलं, पण धीर सुटला होता, पुढची कामं अर्धीमुर्धी झाली. निकाल ईमेलने आला.

तरी सांगते, नापास झालेल्या त्या परीक्षेने मला पास झालेल्या परीक्षेपेक्षा जास्त शिकवलं, हे वाक्य कितीही गुळगुळीत झालेलं असलं तरी माझ्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे. आज कुठल्याही सर्व्हरवर एफएसटॅबला हात लावला की बोटं आपोआप माउंट मायनस ए टाइप करतात. दुसऱ्या प्रयत्नात पास झाले, त्याचं फारसं काही आठवतही नाही.

यातली गंमत अशी की ही सगळी सर्टिफिकेटं मुदतीची असतात. रेड हॅटची तीन वर्षं, ए प्लसची तीन वर्षं, लिनक्सची परीक्षा घेणाऱ्या एलपीआयची पाच, मायक्रोसॉफ्टच्या रोलवाल्या (कामाच्या भूमिकेप्रमाणे दिलेल्या) बऱ्याच सर्टिफिकेटांचं तर वर्षभरच, पण नूतनीकरण ऑनलाइन आणि फुकट, हे त्यांचं बरं आहे. एमसीएसई, ज्याच्यावर एका पिढीची करियरं उभी राहिली, ते ३१ जानेवारी २०२१ ला बंदच झालं. आणि ज्या गोष्टींवर ती परीक्षा घेतात त्यांची मुदत काय? फोर्क, एक्झेक, ओपन, अनलिंक, पाइप हे सगळे सिस्टिम कॉल सत्तरच्या दशकातले. युनिक्सचं वेळ मोजणं अजून १ जानेवारी १९७० पासूनच चालू आहे. आणि ज्यांनी तो वेळ ३२ बिटांत साठवलाय त्यांचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला संपणार आहे, ही या क्षेत्रातली मला माहीत असलेली सगळ्यात प्रामाणिक एक्स्पायरी डेट.

कंटेनर (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवायची सोय) आले तेव्हा मी घाबरले होते, सगळं नव्याने शिकायचं म्हणून. मग उघडून बघितलं तर आत काय, त्याच प्रोसेस. नेमस्पेस लावून त्यांना वाटायला लावायचं की आपण एकटेच आहोत, सीग्रुप लावून मेमरी-सीपीयूचा रेशन ठरवून द्यायचा, की झाला कंटेनर. सीग्रुप मुख्य लिनक्स कर्नलमध्ये २००८ ला आले आणि डिरेक्टरीला कुंपण घालणारं सीएचरूट तर १९७९ चं. एक पोरगा आमच्या टीममध्ये तीन दिवस एका कंटेनरच्या मागे होता, सारखा मरतोय, लॉगमध्ये काही नाही, एक्झिट कोड (प्रोसेस संपताना मागे सोडते तो आकडा) १३७. कोड गूगल करत होता. मी म्हटलं अरे १३७ मधून १२८ वजा कर. नऊ. नऊ नंबरचा सिग्नल, म्हणजे प्रोसेसला बाहेरून दिलेला इशारा, किल मायनस नाइन. म्हणजे बाहेरून कोणीतरी त्याला ठार मारतंय, तो स्वतःहून मरत नाहीये, लॉग लिहायला उसंतच मिळत नाही तर लॉगमध्ये सापडणार काय. मारणारा कोण ते कर्नलच्या लॉगमध्ये असतं, आणि होतंच तिथे, मेमरीची मर्यादा ओलांडली म्हणून ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग). त्या पोराकडे कंटेनरचं सर्टिफिकेट होतं, चांगलं, हातांनी द्यायचं, दोन तासांचं. सिग्नल मात्र त्याला कोणी शिकवले नव्हते. मी काही त्याला हसले नाही, मला कुठलं तोंड हसायला.

परवानग्यांचंही तसंच. सातशे सत्त्याहत्तर. ज्याला काही सुचत नाही तो सीएचमॉड ७७७ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) मारतो आणि बहुतेक वेळा चालतं, म्हणून तर ती सवय जात नाही. एकदा एका वेबसर्व्हरला फाइल वाचता येत नव्हती, फाइल ६४४, म्हणजे सगळ्या जगाला वाचायची मुभा, तरी परमिशन डिनाइड. मुलीने ७७७ केलं. तरी डिनाइड. आता ती रडकुंडीला. चार म्हणजे वाचणे, दोन म्हणजे लिहिणे, एक म्हणजे चालवणे हे सगळ्यांना पाठ असतं, पण डिरेक्टरी 'चालवणे' म्हणजे काय हे थांबून कोणी विचारत नाही. डिरेक्टरीवरचा तो एक्स म्हणजे तिच्यातून पुढे जायची वाट. फाइलीपर्यंत पोचायला पाथमधली प्रत्येक डिरेक्टरी ओलांडावी लागते आणि त्यातल्या एकीनेही दार लावून घेतलं तर आतल्या कपाटाला कुलूप नाही याचा उपयोग काय? नेमआय मायनस एल नावाची छोटीशी कमांड आहे, पाथ दिला की मुळापासून एकेक पायरीच्या परवानग्या खाली खाली लिहून दाखवते. मारली, तिसऱ्या ओळीत ७००, म्हणजे मालकाशिवाय कोणाला वाट नाही. कोणाची तरी होम डिरेक्टरी. त्या ओळीवर बोट ठेवून ती मुलगी जे 'आईगं' म्हणाली ना, तसं 'आईगं' कुठल्याच परीक्षेत होत नाही.

आता मीच इंटरव्ह्यू घेते. रेझ्युमेवरची सर्टिफिकेटं वाचते, खोटं कशाला बोलू, पण पहिला प्रश्न ठरलेला आहे. डिस्क भरलीय, मोठी फाइल आरएम केली, जागा मोकळी झाली नाही, आता? बरेच जण रीबूट म्हणतात. उत्तर चुकीचंही नाही, जागा मोकळी होईल. एकजण मोठ्या तडफेने हार्ड लिंक, आयनोड, लिंक काउंट सगळं बोलला, व्याख्या एकदम बिनचूक, आणि मग म्हणाला पण त्याचा इथे काय संबंध. मला तीन आठवडे जुना बॅज लावलेली मीच समोर दिसले. घेतला त्याला. चांगला निघाला. एका मुलीला उत्तर माहीत नव्हतं, तसं तिने सांगितलं, पण ती मोठ्याने विचार करत राहिली, की डीयू कमी दाखवतंय आणि डीएफ जास्त, म्हणजे डीयूला दिसत नाही असं काहीतरी डिस्कवर आहे, मग डीयू बघतं तरी कसं... आणि ती तिथपर्यंत पोचली, माझ्यासमोर, सात-आठ मिनिटांत. मी मधे एक शब्द बोलले नाही. तिचं कुठलंही सर्टिफिकेट नव्हतं आणि रेझ्युमे चाळणीतून कसा आला देव जाणे. असे किती आलेच नसतील.

अभ्यास कसा करावा असं ज्युनियर विचारतात तेव्हा मी एकच सांगते, एक व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आतला खोटा कॉम्प्युटर) घ्या, स्नॅपशॉट (परत फिरता येईल अशी नक्कल) काढा आणि मोडा. डिस्क भरा. मग डिस्क न भरता आयनोड संपवा, लाखो रिकाम्या फाइली बनवणारा लूप लिहा, जागा असताना जागा नाही असा एरर येतो तो डोळ्यांनी बघा. एफएसटॅबमध्ये एक अक्षर गाळा आणि ते दीड मिनिट बसून काढा. सर्टिफिकेटचा सिलॅबस हातात ठेवा, तो चांगला नकाशा असतो, कुठल्या गल्ल्या आहेत ते कळतं, एकट्याने शिकताना आपण आवडीच्या गल्लीतच फिरत राहतो. फक्त प्रत्येक ओळीसमोर 'हे मोडलं तर कसं दिसेल' हे स्वतःच्या हाताने लिहा. याच्यापुढे माझ्याकडे काही पद्धत वगैरे नाही.

तर ती सकाळ.

दहा वाजता डेव्हलपमेंटच्या टीमचा मेसेज आला की रात्रीचा तो लॉग हवाय. डीबग लेव्हल विसरून राहिली नव्हती. चार दिवसांतून एकदा येणारा एक बग पकडायला मुद्दाम लावली होती आणि बग रात्री एकला आला होता, म्हणजे त्या ६१ जीबीत तो होता. मी त्यांना कळवलं की फाइल डिस्क फुल झाल्यामुळे डिलीट करावी लागली, सॉरी. सर ऑफिसात आले तेव्हा मी हे त्यांना सांगितलं, वर असंही म्हटलं की आरएम करायच्या आधी मी विचारायला हवं होतं.

"आरएम केल्यावरही होती की," सर म्हणाले. "प्रॉकमध्ये, चालू प्रोसेसची माहिती कर्नल दाखवतं तिथे. प्रोसेसच्या नंबराखाली, एफडी डिरेक्टरीत, उघड्या फाइलींच्या यादीत. दुसऱ्या डिस्कवर कॉपी करता आली असती. रिस्टार्ट करेपर्यंत होती."

"रिस्टार्ट तर तुम्हीच सांगितलंत."

"हो," ते म्हणाले, "झोपेत होतो मी."

तो बग पुन्हा यायला नऊ दिवस लागले.

आता माझ्या रेड हॅटची मुदत भरत आलीय, नूतनीकरणाचा ईमेल येऊन पडलाय, म्हणून परवा सरावाचं मशीन चालू केलं. सुरुवात नेहमी त्याच एका खेळाने करते. एक फाइल बनवते, एका टर्मिनलमध्ये टेल मायनस एफ (फाइलीचं शेपूट बघत राहणारी कमांड) लावून ती उघडी धरते, दुसऱ्या टर्मिनलमधून आरएम. एलएस (फाइलींची यादी) मारलं की काही नाही. मग टेलचा प्रोसेस नंबर बघते, प्रॉकमध्ये शिरते, एफडीची यादी काढते, तिथे शून्य, एक, दोन, तीन, आणि तिनासमोर माझ्या फाइलीचं नाव आणि कंसात डिलिटेड. सीपी करून दुसऱ्या नावाने बाहेर काढते, उघडते, सगळ्या ओळी जागच्या जागी. मग टेलवर कंट्रोल सी दाबते.